आकाशी रंगाचा पंख

॥ श्री ॥
सोनागिरी, भोपाळ
१० जानेवारी २०२४

ती. लीलाताई यांस,
कांचनचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पार्सल काल दुपारी मिळालं. त्यातून काय निघालं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही गहाळ झालं असेल तर तुम्हाला कळेल. पांढरं रेशीम, दोन तुकडे, माझ्या हातानं मोजून साडेपाच वार. आकाशी रंगाची पुडी एक, अर्धी वापरलेली. मऊ केसांचे ब्रश दोन. आणि मधोमध संत्रा बर्फीचा डबा, तो बहुतेक बर्फीला धक्का लागू नये म्हणून. पाकिटावर पोस्टाचे एकशे बारा रुपये लिहिले आहेत. रेशमाची किंमत मात्र कुठे नाही. इथे चौकातल्या दुकानात विचारलं होतं, साडेसहाशे रुपये मीटर सांगितलं आणि तेही परकराच्या अस्तरासारखं जाड. मी हिशेबात 'लीलाताई, रेशीम' असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे. मोकळी जागा दिसली की माझा जीव अडकून राहतो, तेव्हा आकडा कळवा.

तुमच्या निखिलच्या फोनवर निरोप दिला तेव्हा तो ऑफिसच्या घाईत होता. तुम्हाला ऐकू येत नाही, त्यानं लिहून काय दाखवलं कोण जाणे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

ह्यांचा कंपवात आता दोन वर्षांचा झाला. आधी उजवा हात, मग डावा. मागच्या दिवाळीत जोश्यांकडे फराळाला गेलो होतो. ह्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली. सगळे बोलायचे थांबले, बशीच तेवढी वाजत होती. घरी आले आणि तेव्हापासून हे बाहेर पडले नाहीत. पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवायचं का, हो. दूध घेता का, नको. रविवारी संपदाचा बंगळुरूहून फोन आला तर 'आईला दे'. या घरात आता दिवसभरात जे काही बोलणं होतं ते माझं आणि देवाचं, आणि तिकडूनही उत्तर येतं असं नाही.

मागच्या खोलीत ह्यांनी शेवटचं केलेलं ग्लायडर टांगलेलं आहे. बिनइंजिनाचं, दोरीनं पतंगासारखं ओढून वर न्यायचं, तसलं. सांगाडा सगळा तयार आहे, हलक्या बाल्सा लाकडाचा. पंख दोन, एकेक साडेतीन फुटांचा. कापड चढवायच्या वेळी हात गेले, ते तसंच राहिलं. त्या विमानांना मी चाळीस वर्षं बोल लावले. क्वार्टरमध्ये आपण शेजारी होतो तेव्हा रविवार उजाडला की हे आणि वसंतराव मैदानावर, आणि आपण दोघी ओट्यावर मेथी निवडत त्यांना नावं ठेवायचो. आता मला वाटतं, ते विमान पुरं झालेलं दिसलं तर हे भिंतीकडून तोंड वळवतील. ह्यांना न सांगता करायचं आहे. दुसरं काही मला सुचत नाही.

वसंतरावांच्या विमानावर रेशीम जसं बसायचं तसं कुणाच्याच बसत नाही, असं हे नेहमी म्हणायचे. स्वतः कागद चिकटवायचे, रेशमाच्या वाटेला कधी गेले नाहीत. हे ग्लायडर मात्र रेशमासाठी केलं होतं. वसंतराव ते कसं करायचे, तुम्ही जवळून पाहिलं असेल. आठवेल तेवढं लिहा. मी मॅट्रिकपर्यंत शिकले, लिहिलेलं वाचून मला करता येतं. आकाशीच रंग द्यायचा की दुसरा, तेही सांगा.

संक्रांत आली. सोबत चिमूटभर तिळगूळ घातला आहे.

तुमची,
कांचन


नागपूर
२० जानेवारी

चि. सौ. कांचन हिस,
अनेक आशीर्वाद.

मोकळ्या जागेत शून्य लिही आणि झोप. ते रेशीम माझ्या कपाटात पडून होतं. कपाट रिकामं करायचंच होतं.

तिळगुळाचा पाकिटात भुगा झाला होता. बोटानं टिपून खाल्ला. प्राजक्तानं फोनवर टाइप करून दाखवलं, 'शुगर'. सून चांगली आहे गं. घरात सगळे चांगलेच आहेत. 'जेवण झालं?' 'गोळी घेतली?' असं लिहून दाखवतात, मी मान हलवते. ऐकू येत नाही म्हटल्यावर कोणी भांडतसुद्धा नाही. तुझं चार पानी पत्र आलं, ते मी दोन दिवस पुरवून वाचलं.

आता यांची पद्धत लिहिते. रेशीम आधी कोमट पाण्यात साबणानं धुऊन घ्यायचं. त्याला दुकानातली खळ असते, ती निघाली नाही तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. रंगाचं पाणी बोटाला सोसेल इतकंच गरम ठेव. उकळी आली की रेशमाची चमक जाते. माझा, म्हणजे यांचा, एक अख्खा तुकडा असा वाया गेला होता. पाण्यात लिंबू पीळ, रंग धरून राहतो. रेशीम सतत हलतं ठेव. पाहिजे त्यापेक्षा थोडा गडद झाला की काढ, वाळल्यावर फिका पडतो. नैवेद्याचं पातेलं मात्र घेऊ नकोस, रंग खरकट्यासारखा नुसता राखेनं जात नाही.

ऑइलपेंट कधीच लावायचा नाही. तो जड होतो, आणि त्यातून उजेड येत नाही.

रेशीम ओलं असतानाच पंखावर घालायचं. कापडाचा उभा धागा पंखाच्या लांबीला यायला हवा. दोन्ही टोकांना धर, मग कडांना, आणि सुरकुती असेल तिथून बाहेर ओढत जा, पण जोर नको. पापडाची लाटी फाटू नये म्हणून जेवढा हात हलका ठेवतेस, तेवढा. कडांना पातळ लॅकर लावून चिकटव. वाळलं की ते आपोआप ताणून बसतं. मग त्यावर लॅकरचे हात. वर एक हात दिलास की लगेच खालून दे. एकाच बाजूला देऊन वाळू दिलंस तर रेशीम त्या बाजूला आवळतं आणि पंख पिळतो. हे विसरू नकोस.

लॅकर तुला लाकूडकामाच्या रंगाच्या दुकानात मिळेल, थिनर वेगळा घे. आणि देवघरात दिवा लागलेला असेल तेव्हा बाटली उघडू नकोस. भक्कन पेटतं.

रंग कुठला, ते मला काय विचारतेस? तू करते आहेस, तू ठरव.

तुझी,
लीलाताई


॥ श्री ॥
सोनागिरी, भोपाळ
५ फेब्रुवारी

ती. लीलाताई यांस,
सा. न.

आकाशीच दिला. पुडी घरात असताना दुसरी विकत कशाला आणायची? आणि विमान म्हणजे आकाशीच शोभेल असं वाटलं.

लॅकरसाठी गोविंदपुऱ्यात जावं लागलं. दुकानदार विचारतो, "माताजी, दरवाज़ा पॉलिश कराना है?" मी म्हटलं, "नहीं भैया, हवाई जहाज़." त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "बच्चे का है?" म्हटलं, "बच्ची के बाप का." मग थिनर मात्र चांगला दिला. घरी ह्यांना वास येणार, म्हणून आधीच सांगून ठेवलं की कपाटाला पॉलिश लावते आहे. 'बरं' म्हणाले. तेवढंच.

रेशमाला मी सोवळं मानते. म्हणून रोज आंघोळ झाली, पूजा झाली की काही खायच्या आधी त्याला हात लावायची. तुम्ही लिहिलंत तसं धुतलं. खळ निघाली तेव्हा हातात काही आहे की नाही असं झालं. रंगाला जुनी अॅल्युमिनियमची परात घेतली. लिंबू अंगणातलंच. परातीत कापड हलवताना आधी ते नुसतं ओलं पांढरं दिसत होतं, मग कडेपासून आत रंग चढत गेला. मी तिथे पाटावर बसून रामरक्षा म्हणत होते, ती म्हणून झाली आणि कापड तयार झालं. दोरीवर टाकलं तर मागच्या अंगणाच्या भिंतीवर निळा उजेड पडला. शेजारची बाई गच्चीवरून म्हणाली, "भाभी, नई साड़ी?" मी हो म्हटलं. काय सांगणार?

काल एका पंखावर चढवलं. तुमच्या पापडाच्या उपमेनं माझं काम सोपं झालं. नवं वस्त्र आहे म्हणून आधी त्याच्या एका कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट टेकवलं, गजाननाला दाखवलं आणि मग ओलं केलं. दोन सुरकुत्या टोकाशी राहिल्या, त्या फुंकर घालत ओढल्या. आज सकाळी पाहते तर काय, इतकं ताणून बसलंय की टिचकी मारली तर डफासारखं वाजतं. लाकडाची एकेक फासळी आतून दिसते. लीलाताई, हे इतकी वर्षं काय बघत होते ते मला आज थोडं कळलं. कोणाला तरी दाखवावंसं वाटलं, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

उद्या लॅकरचा पहिला हात. वरून आणि खालून, लक्षात आहे.

ह्यांचं तोंड भिंतीकडेच आहे. पण वास आला की मान जराशी उचलतात असं मला वाटतं. मला वाटत असेल नुसतं.

तुमची,
कांचन


नागपूर
१२ फेब्रुवारी

चि. सौ. कांचन हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि लगेच लिहिते आहे. हळदीचं बोट लागलेला कोपरा कापून टाक. लॅकर लावायच्या आधी. हळद पाण्यानं जात नाही पण थिनरमध्ये विरघळते, आणि रेशमाच्या धाग्याधाग्यातून पळत सुटते. आकाशीवर पिवळं म्हणजे हिरवं होईल.

हे मी आधी लिहायला हवं होतं. सुचलंच नाही. नव्या कापडाला हळदकुंकू लावायची माझी सवय चार वर्षांत मोडली आहे.

पत्र वेळेवर पोचत नाही हे मला कळतं आहे. तू लिहिलंस तो 'उद्या' केव्हाच होऊन गेला. निखिलला म्हटलं फोन कर, तर तो पुण्याला गेला आहे, आणि प्राजक्ताकडे तुझा नंबर नाही. मी इथे फोन हातात घेऊन बसले तरी काय उपयोग?

काय झालं ते कळव.

लीलाताई


॥ श्री ॥
सोनागिरी, भोपाळ
१९ फेब्रुवारी

ती. लीलाताई यांस,
सा. न.

तुम्ही म्हणालात तसंच झालं.

सहा तारखेला सकाळी वरच्या बाजूनं पहिला हात दिला. ब्रश टोकाला पोचला आणि तिथून हिरवी रेघ निघाली. बघता बघता बोटभर झाली, मग वीतभर. मी पदरानं टिपायला गेले तर आणखी पसरली. हळदकुंकवाचं असं झालं म्हणजे काहीतरी अशुभ, हेच डोक्यात. ब्रश ठेवला आणि देवापुढे जाऊन बसले. खालून हात द्यायचा राहिला. परत आले तेव्हा वरचं वाळलं होतं आणि पंख टोकाशी पिळला होता, ओला टॉवेल पिळतो तसा थोडा.

मी तिथेच उभी होते आणि दारातून आवाज आला. हे. आपले आपण उठून, भिंतीला धरत आले होते.

म्हणाले, "कपाटाला पॉलिश चाललंय ना?"

म्हटलं, "हो."

"कपाटाला पंख फुटले वाटतं."

लीलाताई, तीन महिन्यांत ह्यांनी एवढे शब्द एका दमात बोललेले मी ऐकले नव्हते. मला हसू यायला लागलं. मग हे आत आले, वाकून बघायला लागले.

"आकाशी का?"

"आकाशात उडतं म्हणून."

"आकाशात आकाशी दिसतं का?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणि हे हिरवं?"

"हळद."

"हळद?"

"नवं कापड होतं."

हे रागावलेले दिसत नव्हते. मान हलवत होते, नेहमीची मी बावळटपणा केला की हलवतात तशी. मला तेही चाललं असतं. मग ह्यांनी हात पुढे केला, ताण बघायला असेल. बोट रेशमाला लागलं आणि कापायला लागलं. ताणलेलं कापड, ते वाजायला लागलं. टक टक टक टक. थांबेचना. ह्यांनी हात ओढून घेतला आणि काखेत दाबून धरला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ सगळं."

म्हटलं, "दुसऱ्या बाजूनं लावते, सरळ होईल."

"काढ म्हटलं ना."

आणि जाऊन पडले. तेव्हापासून हो आणि नकोसुद्धा बंद. मी ताट ठेवते, थोडं खातात. रथसप्तमीला बायका हळदकुंकवाला बोलवायला आल्या, मी गेले नाही. हळदीची वाटी बघवत नाही.

पंख मी काढला नाही. तसाच टांगलाय. होतं त्यापेक्षा वाईट करून ठेवलं मी. आधी निदान सांगाडा तरी सरळ होता. तुम्ही माणसं ओळखता. हा राग हळदीचा, की पंख बिघडवला त्याचा, की मी हात लावला त्याचा? एवढं कळलं तर पुढे काय करायचं ते ठरवीन.

कांचन


नागपूर
२७ फेब्रुवारी

चि. सौ. कांचन हिस,
अनेक आशीर्वाद.

हळदीचा नाही, पंखाचा नाही आणि तुझा तर नाहीच. माणसाला आपलाच हात ऐकू आला तर तो काय करील? मला ऐकू येत नाही, पण हे मला कळतं.

आता एक सांगते. ते मी या पत्रांतून तुझ्यापासून लपवलं. यांनी आयुष्यात एकही पंख रेशमानं मढवला नाही. लाकूड यांचं. फासळ्या कापाव्यात यांनीच. पण कापड हातात आलं की यांची बोटं लाकडासारखी होत. पहिलं ग्लायडर केलं तेव्हा तीनदा फाडलं आणि चौथ्यांदा माझ्यापुढे टाकून म्हणाले, बघ तुला जमतंय का. जमलं. नंतर सगळी मीच केली. रंगवणं मीच, चढवणं मीच. हे बाहेरच्या खोलीचं दार लावून घेत आणि मी आत करी. कोणी आलं तर सांगत, लॅकर लागतंय, धूळ नको.

उदयभाऊजी पंख खिडकीच्या उजेडात धरत आणि म्हणत, वशा, काय हात आहे तुझा. हे हसत. मी पोह्याच्या बशा आणून ठेवी. झालं. यांनी सांगितलं नाही, मीही नाही. नवऱ्याचं नाव होतंय, त्यात आपलंही आलंच, असं तेव्हा वाटे. हे गेल्यावर विमानवाल्या क्लबची माणसं भेटायला आली. त्यातला एक म्हणाला, असं रेशीम आता कोण चढवणार? मी समोर बसले होते.

तुला पहिल्या पत्रात सांगता आलं असतं. पण इतकी वर्षं 'यांची पद्धत' म्हणायची जिभेला सवय, लेखणीलाही तीच लागली.

तू भाऊजींना हे वाचून दाखव. बाईच्या हाताचं रेशीम त्यांनी वर्षानुवर्षं उजेडात धरलंय, हे कळलं तर तुझ्या हातांचं त्यांना तितकं लागणार नाही. आणि नाहीच फरक पडला तर निदान एका माणसाला कळलं, एवढं माझं समाधान.

उरलेलं रेशीम सगळं पाठवते. सोबत रंगाच्या चार पुड्या, केशरी, लाल, जांभळा, आणि चौथा डाळिंबी, तो मी दोन रंग मिसळून केला होता. सगळं ठेवून घे, परत पाठवू नकोस. मार्चअखेर माझी खोली नातवाला अभ्यासाला द्यायची आहे. मी हॉलमध्ये. तिथे कपाट नाही. कोणी जबरदस्ती केली नाही हो, मला विचारलं, मी मान हलवली.

तुझी,
लीलाताई


॥ श्री ॥
सोनागिरी, भोपाळ
११ मार्च

ती. लीलाताई यांस,
कांचनचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र शिवरात्रीच्या दिवशी आलं. उपास होता, स्वयंपाक नव्हता. मी ह्यांच्या खाटेपाशी खुर्ची ओढली आणि म्हटलं, लीलाताईंचं पत्र वाचते, ऐकायचं तर ऐका. भिंतीकडे तोंड तसंच. मी सगळं वाचलं, तुमच्या खोलीचंसुद्धा. पोह्याच्या बशांपाशी पोचले, तेव्हा हे भिंतीला सांगितल्यासारखे म्हणाले, "माहीत होतं मला."

मी म्हटलं, "काय?"

"रेशीम वहिनी करायच्या. वशाची बोटं स्वच्छ असायची. आणि वहिनींच्या नखांत कधी निळं, कधी लाल. बशी हातात देताना दिसायचं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"वशाला लागलं असतं."

मी पुढचं वाचायला लागले तर ह्यांनी थांबवलं. मग कूस बदलली. इकडे. आणि म्हणाले, "वहिनींना लागत असेल, हे सुचलंच नाही कधी. तू लिही त्यांना. विमान वर गेलं की बाकीचे ते किती वेळ टिकतं ते बघायचे. मी कापडातून येणारा उजेड बघायचो. तो त्यांचा आहे हे मैदानावर मला एकट्याला माहीत होतं. असं लिही." तसं लिहिलं आहे. शब्द त्यांचेच.

मग उठून मागच्या खोलीत गेले. मी पाठोपाठ गेले, हात मात्र धरला नाही, धरलेला आवडत नाही. खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यावर दाबून बसले. म्हणाले, "मी हात लावणार नाही. सांगीन तसं करशील?"

मी म्हटलं, "आजवर काय वेगळं केलं?"

"हळद लावलीस."

तर गेले तीन दिवस हे चाललंय. थिनरचा बोळा फिरवून आकाशी रेशीम सोलून काढलं. सालीसारखं निघालं, टोकाला फाटलं. पंखाला ओला हात फिरवून फळीवर सपाट ठेवला आणि वर वजनं. मी वरवंटा आणला तर म्हणाले, लाकूड चेपेल, तांदळाच्या पिशव्या ठेव. आज पीळ गेलेला आहे. बोलतात, पण सगळं पंखाचं. कडा घासून घे, तिथे नको, ब्रश उभा धर. जेवताना ताटातही पंखच. भाजीत काल मीठ घालायचं विसरले, तर मुकाट्यानं खाल्ली. पण भिंतीशी बोलण्यापेक्षा पंखाशी बोललेलं बरं, मी तिथे जवळ तरी असते.

मागच्या खोलीत मी एक खाट टाकली आहे. कपाट आहे, दोन फळ्या मोकळ्या केल्या. वासाचा त्रास होत नसेल तर उन्हाळ्यात या. आमच्याकडे कोणी टाइप करून दाखवणार नाही, मी समोर बसून वहीत लिहीन. निखिलला तसं सांगते.

आता ज्यासाठी पत्र घाईनं लिहिलं ते.

परवा तुमच्या चारही पुड्या मी फळीवर मांडल्या. विचारलं, कुठला द्यायचा? हे म्हणाले, "चारही दिसतात वर. तुला कुठला आवडतो?"

मी म्हटलं, "तुम्हाला आवडेल तो घ्या."

"माझं नाही विचारलं. तुला कुठला आवडतो, ते विचारतोय."

लीलाताई, मी म्हटलं विचार करून सांगते, आणि स्वयंपाकघरात आले. पुष्कळ विचार केला. मला सांगता येईना. कपाट उघडून बघितलं. लग्नातला शालू सासूबाईंनी घेतलेला. आहेराच्या साड्या देणाऱ्यांच्या आवडीच्या. मी स्वतः घेतल्या त्या सगळ्या मळखाऊ, राखी, तपकिरी, मेंदी, धुतलं नाही तरी दोन दिवस निघतात अशा. घराला रंग दिला तो उरलेला होता तो. हा आकाशीसुद्धा पुडी घरात होती म्हणून. संपदाला फोनवर विचारलं, आई तुला तपकिरी आवडतो ना, तूच तर नेहमी घेतेस, असं म्हणाली. मी हो म्हटलं.

ह्यांनी काल पुन्हा विचारलं. आज सकाळीही. घाई करत नाहीत, खुर्चीवर हात दाबून बसतात आणि वाट बघतात. चाळीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही, म्हणून उत्तर कधी तयार ठेवलं नाही. आता ह्यांनी विचारलंय तर ह्यांना वाटायचं, मीच बोलत नाही. खोटं काहीतरी सांगून टाकावं असंही मनात आलं, पण ते नको. बाकी कशाला चालेल, याला नको.

तुम्हाला रंगांची पारख आहे. आणि मी नवी नवरी म्हणून क्वार्टरमध्ये आले तेव्हापासून रोज मला बघणाऱ्या तुम्ही एकट्याच. तेव्हा कधी बाजारात, मंदिरात, कोणाच्या अंगावर, एखाद्या रंगापाशी मी थबकलेली, वळून बघितलेली तुम्हाला आठवते का? नीट आठवून बघा. रेशीम धुऊन ठेवलं आहे, रंगाचं पाणी मी अजून गरम करत नाही. तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची,
कांचन